फासे न टाकता

"आज माझ्याकडून," म्हणत ड्वेनने नोट टेबलावर ठेवली, तेव्हा फाशांचा चामडी पेला व्हर्जिलच्या हातातच होता. तीस वर्षं कॅफेतल्या या टेबलावर रोज सकाळी फासे पडत आले होते. जो हरेल तो सगळ्यांची कॉफी पाजायचा. एके काळी सहा जण असत. आता दोघंच उरले होते. आणि ड्वेन तर हरल्यावरही पुन्हा टाकायला लावणारा माणूस.

"काय रे, मरायला टेकलास की काय?" व्हर्जिलने विचारलं.

"फोटो काढा कुणीतरी! म्हाताऱ्याचं पाकीट उजेडात आलंय," काउंटरमागून जोलीन ओरडली.

ड्वेन हसला नाही. व्हर्जिलने पेला खाली ठेवला. "बोल."

"जागा विकली, व्हर्ज. डेन्व्हरच्या एका कंपनीला. तुला पत्र येईलच. एक तारखेपासून भाडं वाढतंय."

"कितीने?"

"दुप्पट होईल. थोडं जास्तच."

गावाबाहेर ड्वेनच्या जमिनीवर बावीस घरं होती. घर ज्याचं त्याचं, खालची जमीन ड्वेनची. या घरांना म्हणायचं फिरतं घर. पण व्हर्जिलने आपल्या घराची चाकं तिथे आल्या वर्षीच काढून विकली होती. मग पायऱ्या केल्या, ओटा केला, त्याच्या बायकोने, लुएलाने, पायरीशी पिओनीची फुलझाडं लावली. आता ते घर उचललं तर मधोमध मोडलं असतं. आणि दुप्पट भाडं भरायचं तर पेन्शनमधून हिवाळ्यात घर तापवायलाही काही उरलं नसतं.

"गेल्या वर्षी काउंटी सरकारच्या घरांत आमचा नंबर लागला होता," व्हर्जिल हळू म्हणाला. "म्हाताऱ्यांसाठीची, स्वस्तातली. लुएला अंथरुणाला खिळलेली. तू तिच्या उशाशी येऊन बसलास. काय म्हणालास?"

ड्वेन कपात बघत राहिला.

"म्हणालास, कशाला जाताय, मी आहे तोवर तुमचं भाडं वाढायचं नाही. आम्ही नंबर सोडला. तू गेल्यावर ती मला म्हणाली, बघ, याला म्हणतात आपला माणूस."

"मनापासून बोललो होतो रे."

"कंपनीवाले तेव्हा येऊन गेले होते?"

"नुसती बोलणी चालली होती. त्यांना सगळ्या जागा भरलेल्या हव्या होत्या. एकदोन रिकाम्या दिसल्या की लगेच भाव पाडतात ते..." ड्वेन मध्येच थांबला. आपण काय बोलून गेलो ते त्याला उशिरा कळलं.

जोलीन कॉफीचं भांडं घेऊन आली होती. ती तशीच उभी राहिली.

व्हर्जिलने नोट बोटाने ड्वेनकडे सरकवली. "टाक."

"व्हर्ज, आज नको."

"टाक म्हटलं ना."

ड्वेनने फासे टाकले. पाच फाशांत तीन पंजे पडले. व्हर्जिलने पेला हलवून उपडा केला. दोन चौके, बाकी काही नाही. त्याने पाकीट काढलं आणि दोन कॉफींचे पैसे मांडले, वर जोलीनची बक्षिसी.

"राहू दे ना, व्हर्जिल," ती म्हणाली.

"हरलोय मी."

भिंतीवरच्या हुकांना रोजच्या गिऱ्हाइकांचे मग टांगलेले होते. त्याने लुएलाचा मग काढला, ती गेल्यापासून आत साचलेली धूळ रुमालाने पुसली, आणि कोटाच्या खिशात घातला. त्याचा स्वतःचा मग टेबलावरच राहिला, अर्धा भरलेला. ड्वेन उठून पुढचं दार उघडून धरून उभा राहिला.

व्हर्जिल स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर गेला.