बापूजींचा पुसलेला डाव

मित्रांनो, जवळ या, पण नाक दाबून या. मी एक जुना संगणक आहे आणि माझ्या कळांच्या फटींत सुपारी-तंबाखूचा चुरा कुजतो आहे. चंद्रभान माझ्यासमोर खर्रा घोटायचा आणि त्याच बोटांनी माझ्या कळा बडवायचा. ती बोटे आठवली तरी मला शिसारी येते.

माझी पहिली वर्षे नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एका कारखान्यात गेली. तिथे मला रोज पुसून झाकून ठेवत. १९८९ साली नवी यंत्रे आली आणि मला मोडीत काढले. तिथे काम करणाऱ्या प्रेमिलाने मला नागपूरच्या महाल भागातल्या आपल्या घरी आणले. सोबत मला जोडायचे तीन जुने संगणकी पडदे आणि त्यांचे कळफलकही आणले, ते तिच्या वडिलांसाठी, बापूजींसाठी.

त्या घरात रोज पत्त्यांचा मेंढीकोट रंगे; दश्शा म्हणजे मेंढ्या, त्या जिंकायच्या. पण बापूजींचे हात कापू लागले. पत्ते पडत आणि साऱ्यांना दिसत. शेवटी शेजारचे रुपराव त्यांच्या जागी बसू लागले आणि बापूजी भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. प्रेमिलाला ते बघवेना. तिने माझ्यासाठी मेंढीकोट लिहिला. चौघांनी चार पडद्यांपुढे बसायचे, ज्याला त्याला आपलेच पत्ते दिसणार आणि एक कळ दाबली की पान पडणार.

आता मला चालवणारी मूळ प्रणाली कोणती घालायची, यावरून प्रेमिला आणि तिचा भाऊ चंद्रभान यांच्यात जुंपली.

"डॉस टाक न वं ताई," चंद्रभान म्हणाला. "साऱ्या नागपुरात डॉसच हाय. मोटारीचा गेम बी त्याच्यावरच चालते."

"डॉसवर एका वक्ती एकच माणूस बसते. मंग बापूजीले कुठी बसवू?"

तिने युनिक्स घातली, तिच्यावर चौघे एकदम बसू शकत. कारखान्याने टाकून दिलेल्या बारा फ्लॉपी तबकड्यांवर ती होती. पहिल्याच संध्याकाळी बापूजींनी दश्शी जिंकली आणि "मेंढी आली!" म्हणून असे ओरडले की रुपराव धावत आले. दुसऱ्या दिवसापासून बापूजी दाढी करून खेळायला बसू लागले. एवढे समाधान मला कारखान्यातही मिळाले नव्हते.

खंडेनवमीला प्रेमिलाच्या आईने, प्रयागबाईंनी, माझी पूजा केली. बारा तबकड्या पाटावर मांडून त्यांनाही हळद-कुंकू वाहिले. त्यांचा मला राग नाही, त्यांनी मला देव मानले. पण तबकडीच्या फटीत कुंकू गेले की ती वाया जाते, हे चंद्रभानला पक्के ठाऊक होते. तो शेजारी उभा राहून खर्रा चघळत हसत होता.

दिवाळीनंतर एके दिवशी प्रेमिला ड्युटीवर असताना त्याने मला साफ पुसले आणि डॉस घातली. "तबकड्या हायेत न, संध्याकाळी पुन्हा टाकू," असे आईला सांगून दुपारभर मोटार पळवली. संध्याकाळी प्रेमिला एकेक तबकडी घालू लागली. सातवी आत गेली आणि माझ्या तोंडात कुंकवाचा लगदा खरवडला. ती तबकडी वाया गेली, कारखान्यात दुसरा संच नव्हता आणि युनिक्स पुन्हा घालता आली नाही.

तोवर बापूजी दाढी करून पडद्यापुढे बसले होते.

"काहून गा, पत्ते काहून दिसून नाही राहिले?"

"आता मोटार हाय बापूजी," चंद्रभान म्हणाला. "ते तुमच्यानं नाही होत."

थू! मला थुंकता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

प्रयागबाईंनी कागदाचे पत्ते काढले आणि बापूजींसकट चौघांना वाटले. मित्रांनो, घरी यंत्र आणाल तेव्हा त्याला स्वच्छ ठेवा. त्यात काय घालायचे हे ठरवताना, त्याची गरज कोणाला आहे ते आधी विचारा. आणि कोणाच्या कापऱ्या हातून पत्ते पडले, तर नजर वळवा. त्या संध्याकाळी बापूजींचे पत्ते सतरंजीवर उताणे पडले. प्रेमिलाने मान फिरवली, प्रयागबाईंनी डोळे मिटले. चंद्रभानने वाकून नीट पाहिले, हुकूम टाकला आणि बापूजींची मेंढी मारली.