काळी एक आणि पांढरी दोनच्या मधोमध

दौलतराव वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं मापं तपासायला होते. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी लेक मृणाल बंगळुरूला जाताना कोपरच्या घरी ठेवून गेलेला पाच तारांचा बँजो मांडीवर घेतला. मिरवणुकीतला बटणांचा नव्हे. हा गिटारच्या जातीचा, पोटाला चामडं मढवलेला, पाचवी तार इतरांपेक्षा आखूड. "काय काका, नवरात्रात टेंभी नाक्याला वाजवणार ना?" शेजारचा सूरज येताजाता विचारी.

नेहमीच्या जुळणीत बँजो छानच वाजे. पण छान चाललेल्या गोष्टीत बोट घालायची दौलतरावांची जुनी खोड. एक तार उतरव, दुसरी चढव, आणि प्रत्येक जुळणीची वहीत नोंद. 'जुळणी अकरा : चौथी तार एक सूर खाली. गंभीर. पत्नीचे मत : काही नाही.'

पत्नीला, म्हणजे वासंतीबाईंना, मत नसायला कारण होतं. लग्नानंतरच्या पहिल्या मंगळागौरीला दौलतराव पेटीवर होते आणि बायकोचं गाणं मध्येच थांबवून चार बायकांत म्हणाले होते, "राहू दे. सूर लागत नाही तुझा." त्यानंतर त्या त्यांच्यासमोर कधी गायल्या नाहीत.

एका दुपारी तारा जुळवायचं ॲप मोबाइलवर चालूच राहिलं. पलीकडे वासंतीबाई मेथी निवडता निवडता गुणगुणत होत्या. ओळ संपवून त्या सा वर आल्या की काटा पेटीच्या काळी एक आणि पांढरी दोन या पट्ट्यांच्या मधोमध येऊन उभा राही. दुसऱ्या दिवशी तिथेच. आठवडाभर तिथेच. नग रोज एकाच जागी चुकत असेल तर आधी मोजायचं यंत्र तपासावं, हे दौलतरावांनी जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं होतं. त्या मंगळागौरीला यंत्र होतं पेटी, आणि दोन पट्ट्यांच्या मधला सूर पेटीत नसतोच. त्यांना स्वतःची लाज वाटली.

सतरावी जुळणी त्यांनी वासंतीबाईंच्या सा वर लावली. माफी मागायची सवय नव्हती, म्हणून तारा छेडल्या. "अगं, ऐक जरा. यात गाऊन बघतेस?"

वासंतीबाई हात पुसत आल्या. शांतपणे ऐकलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "सूर लागत नाही तुमचा."

या वाक्यावर काय बोलायचं असतं, हे छत्तीस वर्षांत दौलतरावांनी तिला कुठे विचारलं होतं?

त्या आत गेल्या. थोड्या वेळाने ओट्यापाशी एक ओळ सुरू झाली, मंगळागौरीची, तेव्हा अर्धी राहिलेली. नेमकी त्याच सा वर, चांगली मोकळ्या आवाजात. दौलतरावांचा हात तारांकडे गेला आणि मागे आला. त्यांनी वही ओढली.

'जुळणी सतरा : बरोबर. वाजवणाऱ्याने गप्प बसावे.'