सर्वज्ञांचा वर्ग

शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पालक खुर्च्यांवर बसले होते, खुर्च्या संपल्यावर खिडक्यांच्या कठड्यांवर, आणि कठडेही संपल्यावर एकमेकांच्या पायांवर उभे होते. समोर पाचवीच्या वर्गातली चाळीस मुलं बाकांवर डोळे मिटून बसली होती आणि ओठ न उघडता गुणगुणत होती. मधमाश्यांच्या भल्यामोठ्या पोळ्याजवळ उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

मुलांपुढे पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले एक गृहस्थ संथपणे हवेत बोटं फिरवत होते. आईवडिलांनी त्यांचं नाव काही का ठेवलेलं असेना, 'ज्ञान हे स्पंदन आहे' हे वाक्य ते दर पाच मिनिटांनी म्हणत. त्यामुळे सगळं गाव त्यांना स्पंदनाचार्य म्हणू लागलं होतं.

"ज्ञान बाहेरून आत जात नाही," आचार्य म्हणाले. "ते आतच आहे. शिक्षक काय करतो? ते आत कोंबायला जातो, आणि बाहेर येण्याची वाट बुजवून बसतो. आता गुंजन थांबलंय. विचारा. कोणीही विचारा, काहीही विचारा."

बेकरीवाला उठला. त्याची मुलगी याच वर्गात होती. घरून पाठ करून आणलेला प्रश्न त्याने घाईघाईने विचारला, "पाण्याची वाफ होते त्याला काय म्हणतात?"

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत चाळीस हात वर गेले. एकोणचाळीस नव्हे, चाळीस. सभागृहात 'अहाहा' उमटलं. आचार्यांनी क्षणभर डोळे मिटले, तर्जनी होकायंत्राच्या सुईसारखी इकडून तिकडे थरथरवली आणि दुसऱ्या रांगेतल्या एका मुलावर थांबवली.

"बाष्पीभवन," मुलगा म्हणाला.

टाळ्या. पुढचा प्रश्न. पुन्हा चाळीस हात, पुन्हा बरोबर उत्तर. अकरा प्रश्न झाले आणि एकही उत्तर चुकलं नाही. एका आजोबांनी डोळे पुसले.

कोपऱ्यात चित्रकलेच्या बाई मांडीवर वही घेऊन भराभर रेघा ओढत होत्या. मुख्याध्यापकांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, "बाई, हा क्षण शाळेच्या दारासमोरच्या भिंतीवर रंगवायचाय. एकूण एक हात दिसला पाहिजे." बाईंना काम मिळाल्याचा आनंद होता, पण एक गोष्ट पचत नव्हती. वीस वर्षं त्या शिकवत होत्या. निळा आणि पिवळा मिसळला की कोणता रंग होतो, असं विचारल्यावर वर्गात सहा हात वर जात. त्यातले तीन उत्तर द्यायला, एक शेजाऱ्याची तक्रार करायला आणि दोन 'पाणी प्यायला जाऊ का' म्हणून. सगळ्यांना सगळं येतं असा वर्ग त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

आचार्य येऊन चार महिने झाले होते आणि तेवढ्यात शाळेचा नूर पालटला होता. रोज पहिला तास गुंजनाचा. मागे पडलेल्या मुलांसाठी गणिताच्या सरांचा शेवटचा जादा तास असे, तो बंद. कारण मागे पडलेलं कोणी उरलंच नव्हतं. चाचण्यांनी स्पंदनं बिघडतात म्हणून चाचण्याही बंद. पुढच्या महिन्यापासून सगळ्या वर्गांत हीच पद्धत यायची होती. गणिताचे सर शिक्षकांच्या खोलीत बसून पेन्सिलींना टोक करत. शाळेतल्या सगळ्या पेन्सिली आता सुईसारख्या टोकदार झाल्या होत्या.

बाई घरी आल्या, जेवणाच्या टेबलावर वही उघडली आणि मोठ्या चित्रासाठी एकेक हात पक्का करायला बसल्या. हात काढताना अंगठा आधी पाहावा लागतो. अंगठा चुकला की उजव्याचा डावा होतो. काढता काढता त्या थबकल्या. काही हात उजवे होते, काही डावे. यात विशेष काही नव्हतं. डावखुरी मुलं असतातच. पण चाळिसात सतरा?

ज्या अकरा मुलांनी उठून उत्तरं दिली, त्यांचे त्या त्या प्रश्नाला वर गेलेले हात बाईंनी ओळखीसाठी फुल्या मारून टिपले होते. त्यांनी फुल्या तपासल्या. अकराच्या अकरा हात उजवे होते.

"योगायोगही असेल," त्या स्वतःशी म्हणाल्या. एका चित्रावरून निकाल देणं म्हणजे आचार्यांच्याच पंगतीला बसणं. आणखी दोन प्रात्यक्षिकांना त्या वही घेऊन बसल्या, आणि या वेळी फक्त अंगठे पाहिले. एकवीस प्रश्न, एकवीस उजवे हात. शिवाय एकच मुलगा इतिहासाला डावा हात वर करत होता आणि विज्ञानाला उजवा. कोणाचा डावखुरेपणा विषयागणिक बदलतो, असं बाईंच्या ऐकिवात नव्हतं.

त्यांची सख्खी भाची त्याच वर्गात होती. एका जागी कधी ठरायची नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. अलीकडे ही भिंगरी गप्प गप्प झाली होती. रविवारी बाई बहिणीकडे गेल्या.

"तुम्हाला हाताबद्दल काही सांगितलंय का गं?" त्यांनी सहज विचारलं.

भिंगरीचा चेहरा उतरला. "मावशी, ते कोणाला सांगायचं नसतं. सांगितलं की विद्या जाते."

"कोण म्हणालं?"

"आचार्य. आईलासुद्धा सांगायचं नाही."

आईपासूनसुद्धा लपवायचं, असं दहा वर्षांच्या पोरीला शिकवणारा तो कसला आचार्य, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मग नको सांगूस. चल, तुझा अभ्यास घेते. अर्धा आणि एक तृतीयांश मिळून किती?"

भिंगरीने हात वर केला. डावा.

बाई तिच्या हाताकडे बघतच राहिल्या. स्वयंपाकघरातून बहीण म्हणाली, "ताई, तिला सगळं येतं हल्ली. वर्गात हात वर असतो तिचा सारखा."

"असतो खरा," बाई म्हणाल्या. त्यांनी कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या कापल्या आणि भिंगरीला जवळ ओढलं. घड्या घालत, मोडत, पुन्हा घालत तासाभराने पाच षष्ठांश कागदावर उतरले, तेव्हा पोरगी हसली. त्या हसण्याने बाईंना आणखीच वाईट वाटलं. एका तासाचं काम, आणि चार महिने ती हात वर धरून बसली होती. तिच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि चित्रं पुढ्यात मांडली. मुख्याध्यापकांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"बाई, हात म्हणजे हात. आपल्या शाळेत डावा-उजवा असा भेद आपण करत नाही."

"सर, भेद मी करत नाहीये. आचार्य करतायत."

"पाहुणे यायचेत शुक्रवारी. तुम्ही चित्र पुरं करा."

शुक्रवारी सभागृह पुन्हा भरलं. इतर शाळांचे मुख्याध्यापकही आले होते. गुंजन झालं, दोन प्रश्न झाले, टाळ्या झाल्या. आचार्य म्हणाले, "ज्ञान पुस्तकात नाही, ज्ञान आत आहे. कोणीही विचारा, काहीही विचारा." बाई उठल्या. त्यांच्या हातात रंगांचा जुना पत्र्याचा डबा होता.

"मुलांनो, या डब्यात काय आहे?"

"हा प्रश्न अभ्यासक्रमातला—" आचार्यांनी सुरुवात केली. पण मुलं चार महिने तालमीत तयार झालेली होती. चाळीस हात सपकन वर गेले.

लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. मग एकेकाच्या टाळ्या थांबल्या. चाळीसच्या चाळीस हात डावे होते.

"आचार्य, यातल्या कोणालाही विचारा," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचा हात वर आहे."

आचार्यांची तर्जनी सुटली. इकडे गेली, तिकडे गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत भिरभिरली. उत्तर दिशाच नाहीशी झालेल्या होकायंत्रासारखी तिची गत झाली.

"इथे नकारात्मक स्पंदनं शिरली आहेत," ते म्हणाले. "अशा वातावरणात ज्ञान मिटून घेतं."

"मग माझ्या मुलीला विचारा," बेकरीवाला मागून म्हणाला. "तिचाही हात वर आहे. सांग गं बाळा."

बेकरीवाल्याची मुलगी उभी राहिली. तिने आचार्यांकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. "मला माहीत नाही, बाबा. म्हणून तर डावा हात केला."

बाईंनी आपली चित्रं उंच धरली आणि साध्या शब्दांत सांगितलं. येत असेल तर उजवा हात, येत नसेल तर डावा. आचार्य फक्त उजव्या हाताला विचारतात. चाळीस मुलांत एखाद्याला उत्तर येणारच. ज्याला येतं त्यालाच विचारलं तर ते चुकेल कसं? यात ना स्पंदन, ना गुंजन. आणि मुलांनी बोलू नये म्हणून विद्या जाण्याची भीती. बाई मुलांकडे वळल्या. "सांगितल्याने विद्या जात नाही. लपवल्याने मात्र येत नाही."

त्यांनी डबा उघडून दाखवला. आत चष्म्याची तुटलेली काडी होती. "हे माझ्याशिवाय कोणाला कळायचं कारणच नव्हतं. 'माहीत नाही' हेच खरं उत्तर होतं, आणि ते चाळीसही मुलांनी दिलं. खोटं बोललो ते आपण, टाळ्या वाजवून."

आचार्य मागच्या दाराने कधी निघून गेले ते कोणाला कळलं नाही. मुख्याध्यापकांना विचारलं तेव्हा त्यांनीही हात वर केले, दोन्ही. काही पालक बाईंवरच चिडले. "चांगलं चाललं होतं," आजोबा म्हणाले, "कशाला उकरून काढलंत?" मुलाला सगळं येतं हे ऐकायला गोड असतं, काय येत नाही हे ऐकायला छाती लागते.

सोमवारी गणिताच्या सरांनी पाचवीच्या वर्गात अपूर्णांकांचा प्रश्न विचारला. तेवीस डावे हात वर गेले. सर क्षणभर गांगरले. मग त्यांनी खडू उचलला, पहिल्या डाव्या हाताजवळ गेले आणि बाकाच्या कडेला टेकून म्हणाले, "सांग, कुठपर्यंत कळलंय?"

शिकवणं म्हणतात ते इथून सुरू होतं. पुढे कधी कोणी तुम्हाला एकही चूक न करणारी मुलं दाखवली, तर टाळ्या वाजवायच्या आधी एवढंच विचारा: ज्यांना येत नाही ती कुठे बसली आहेत, आणि त्यांच्याजवळ कोण बसलंय?