वीतभर बाहेर

लाल दोरा होता. गाडीच्या मागच्या पत्र्यात अँटेनाची नळी शिरते त्या भोकाशी नखाएवढा लाल दोरा अडकलेला, आणि चिमट्याने तो धरताच रादोयकाने ओळखला — तिनेच विणलेल्या, तिच्याच पेटीतून नेलेल्या लग्नाच्या टॉवेलाचा काठ. म्हणजे मागच्या रविवारी पुतण्याच्या वरातीत या शहाण्यांनी टॉवेल बांधला तो आरशाला नाही, दाराच्या मुठीला नाही, नेमका अँटेनाला. आणि चर्चपाशी कुणीतरी रेडिओ बंद केला. रेडिओ बंद झाला की या गाडीचा अँटेना आपोआप आत जातो हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण यांना नाही. गाठीसकट टॉवेल ओढत तो आत निघाला असणार, मध्येच अडला असणार, मोटर कण्हत राहिली आणि त्याला ओढणारी प्लास्टिकची दातेरी दोरी तुटली... आणि मग साळसूदपणे गाडी अंगणात आणून उभी केली, जुनंच होतं म्हणून.

"जुनंच होतं ना वहिनी," ओब्राद आत्ताही तेच म्हणाला. तिचा धाकटा दीर, नवऱ्यामुलाचा बाप. पक्कड घेऊनच आला होता. "मुळापासून कापतो, रबरी बूच बसवतो. इथे रेडिओ ऐकतंय कोण?"

"पक्कड खाली ठेव."

"अगं, पण—"

"ठेव म्हटलं ना. आत जाऊन बस. मी सांगेन तेव्हा रेडिओ लाव, सांगेन तेव्हा बंद कर. जास्तीचं डोकं चालवू नकोस."

तो पुटपुटत आत बसला. ती सून होऊन आली तेव्हा याच्या अंगावर धड शर्ट नव्हता, आणि आता हा तिला बूच बसवून देणार! तिचा नवरा ब्लागोये असता तर याची पक्कड उचलायची छाती झाली असती का? पण ब्लागोये टेकडीवरच्या स्मशानात, आणि गाडी म्हणजे सगळ्यांचीच — थोरल्या भावाची जर्मनीहून आणलेली गाडी, घराण्याची शान, वरातीत पहिली तीच हवी. तिची मालकीण मात्र चौथ्या गाडीत, भाजीच्या व्हॅनमध्ये, कारण नवरीच्या पुढे विधवेचे काळे कपडे बरे दिसत नाहीत. हे सांगायलाही ओब्रादच आला होता, टोपी हातात घेऊन, फार वाईट वाटत असल्यासारखा. टॉवेल चालला, गाडी चालली, मीच तेवढी चालले नाही.

नवा अँटेना शेडमध्ये मिळाला, जर्मन वर्तमानपत्रात गुंडाळलेला. ब्लागोयेच आणून ठेवायचा, कारण दोन-तीन उन्हाळ्यांत दोरी हटकून दगा द्यायची. तिने वरची चकती फिरवून काढली, मोडकी नळी उपसली.

"लाव."

आतून मोटर घरघरली आणि दोरीचा तुटका तुकडा लाल दोऱ्यांच्या गुंत्यासकट बाहेर पडला. नवी दोरी तिने भोकात सोडली, दाते पुढच्या बाजूला — हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आतून काचेतून मान वळवून वळवून तिने तेवढंच पाहिलं होतं. कारण हे काम दोघांचं, आणि आत बसायची ती. ब्लागोये बाहेर, अँटेनापाशी. ती रेडिओच्या बटणाशी. लाव म्हटलं की लावायचं, बंद म्हटलं की बंद... सगळी सुट्टी अशी, आणि सुट्टी संपली की तो पुन्हा जर्मनीला.

"बंद कर."

दोरी तिच्या बोटांतून सरसरत आत गेली, मागून चकचकीत नळी. तिने चकती आवळली. "लाव," ती म्हणाली, आणि अँटेना वर आला — एक नळी, तिच्यातून दुसरी, तिच्यातून तिसरी, बारीक होत होत.

म्हणजे असं दिसतं होय. नदीच्या पुलावर येताच ब्लागोये रेडिओ लावायचा म्हणे, अँटेना वर चढायचा, पोरं मक्यातून धावत सुटायची, जर्मनीवाला आला, जर्मनीवाला आला. सगळ्या गावाने पाहिलं. ती तेव्हा चुलीवर मिरच्या भाजत असायची. आणि संध्याकाळी जेवून तो पुन्हा गाडीत जाऊन बसायचा, तिकडचं स्टेशन लावून, तिला एक अक्षर न कळणारं, मध्येच एकटा हसायचा. कशाला हसायचास रे? मला का नाही सांगितलंस? वर्षातून एकदा यायचास, ते या पत्र्याच्या डब्यात बसायला? ओब्रादवरचा राग बघता बघता भलतीकडेच वळला होता, आणि तिकडे भांडायलाही कुणी नव्हतं.

"झालं की," काचेतून ओब्राद म्हणाला. "बरं झालं. या रविवारी नवरीचे आईबाप पहिल्यांदा घरी यायचेत. त्यांना आणायला हीच शोभेल."

"आणि मी?"

"तू... घरी कुणीतरी हवं ना वहिनी. डुक्कर भाजायचंय, पोळ्या..."

"बंद कर."

अँटेना खाली आला, आणि नवी दोरी अजून रुळली नसल्याने वीतभर बाहेर राहून अडला. ओब्राद उतरायला लागला. "थांब, दाबतो त्याला."

"हात लावू नकोस. बस तिथेच." तिचा आवाज चढला नव्हता, तरी तो बसला. "रविवारी पुढच्या सीटवर मी बसणार. याच कपड्यांत. तुझ्या शेजारी."

तो समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिला. किल्ली त्याच्याच हाताशी होती, तशीच लटकलेली.

"लाव," ती म्हणाली.

 मग मोटर घरघरली, आणि अँटेना वर चढू लागला, आणि आत रेडिओवर कुणीतरी आपल्याच भाषेत परक्या गावच्या हवेबद्दल बोलू लागलं. म्हणजे हो म्हणाला की काय हा, की नुसता सवयीने बटण दाबून मोकळा झाला... कसं कळणार? मीही असंच दाबत आले, न विचारता, न बोलता.

"करू बंद?" ओब्रादने विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.

ती अँटेनाकडे बघत उभी होती.