पुन्हा कडुबाच्या घशात

मी एक जुनी दुर्बीण आहे. चंद्र-तारे बघणारी नव्हे. आमच्या घराण्यातल्या त्या भाग्यवान. मी माणसाच्या घशातून पोटात उतरते. जन्म परदेशी कारखान्यातला, पण नशिबात छत्रपती संभाजीनगरातल्या एका दवाखान्यातली पोटं आली. मित्रांनो, एकदा एका पोटातून असा आंबूस ढेकर आला की माझा उजेड हिरवा पडला आणि तिकडं छावणीतली कुत्री शिंकली. खोटं असेल तर माझा दिवा विझो.

कन्नड तालुक्याकडचा कडुबा मेंढपाळ होता. लिव्हर दगडासारखं झालेलं, त्यामुळं रक्त तुंबून अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या. निळ्या, टरटरीत, रक्त प्यालेल्या गोचिडांसारख्या. मला शिसारी आली. तरी एकेकीला शोषून धरलं आणि बुडाशी रबराची बारीक कडी चढवली. दोन-तीन फेऱ्यांत शिरा वाळून गेल्या. डॉक्टर सत्यशीला मॅडमनी माझं कौतुक केलं आणि कडुबाला बजावलं, "मामा, सहा महिन्यांनी परत बघायचं. शिरा पुन्हा फुगतात."

"मेंढीच्या चामखिळीला घोड्याचा केस बांधला की ती गळून पडती, मॅडम. परत कुठं येती?" असं म्हणून कडुबा गेला तो गेलाच.

पुढच्या वर्षी जीपमध्येच रक्ताच्या उलट्या करत आला. मी घाईनं उतरले. रक्ताच्या गाठी, त्यात अर्धवट पचलेलं मटण. माझा डोळा बरबटला. आणि त्या घाणीपलीकडं, मी साफ केलेल्या जागेशेजारीच, नव्या शिरा टरारलेल्या. एक फुटलेली. मटणापेक्षा त्यांचीच किळस आली. कडी बसली, रक्त थांबलं.

कडुबा सावरल्यावर मॅडम म्हणाल्या, "मामा, ती मेंढी धडधाकट असते. तुमचं लिव्हर अजून दगडच आहे. एक शीर बांधली की तुंबलेलं रक्त दुसरीत शिरतं."

"ऐकलं का, मेंढ्याचे डाक्टर?" त्याची बायको भामाबाई म्हणाली.

पुढच्या तारखेला कडुबा उपाशीपोटी हजर. मनगटावर घोड्याचा केस.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"तारीख चुकू नये म्हणून हिनं मलाच बांधलंय."

"चामखीळच हाये माजी," भामाबाई म्हणाली. "पर ही गळून पडू द्यायची नाय."

मी उतरले. एक बारीक शीर नुकती डोकं काढत होती. फुटायच्या आत तिला कडी घातली.

मित्रांनो, मला बघून तुम्ही तोंड वाकडं करता, खुशाल करा. तुमच्या आत शिरायची मलाही हौस नाही. पण बोलावलेल्या तारखेला या, आणि उपाशीपोटी या. कडुबाचं ते मटण मला अजून आठवतं.