एक वर्षाचे दोन, की दोन वर्षांचा एक

निरगुडसरच्या हर्षालीला इंग्रजी वाचता यायचं, पण लिहायला बसली की घाम फुटायचा. आणि काम तर असं मिळालं होतं, की इंग्रजी लिहिल्याशिवाय सुटका नव्हती. बिबट्यांचा अभ्यास करायला केरळच्या एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी उसाच्या बांधांवर कॅमेरे बसवले होते. सकाळी त्यातले फोटो बघायचे आणि कोणता बिबट्या दिसला ते मॅडमना मोबाइलवर कळवायचं, हे हर्षालीचं काम. मॅडमना मराठी येत नव्हती. म्हणून तिने मंचरला इंग्रजीचा क्लास लावला होता.

त्या दिवशी सरांनी जोडविशेषणं शिकवायला घेतली. हर्षालीने फळ्यावर आपल्या मुलीबद्दल वाक्य लिहिलं, 'शी इज ए फाइव्ह इयर्स ओल्ड गर्ल.' सरांनी 'इयर्स'मधला शेवटचा एस पुसून टाकला आणि शब्दांच्या मधे दोन बारक्या आडव्या रेघा ओढल्या.

"सर, पाच वर्षं म्हणजे अनेकवचन ना? मागच्या वेळी एस नव्हता म्हणून तुम्हीच चूक काढली होती."

"तेव्हा मुलगी पाच वर्षांची आहे, एवढंच सांगायचं होतं. तिथे एस हवा. इथे तीन शब्द जोडून एकच विशेषण झालंय. हे बघ, आपण दुमजली घर म्हणतो. घरं कितीही असली तरी दुमजली घरं. बदल होतो तो घरात, दुमजलीत नाही."

बाकीच्यांनी माना डोलावल्या म्हणून हर्षालीनेही डोलावली. बसमध्ये बसल्यावर तिच्या डोक्यात एवढंच उरलं, की एस मधून काढायचा आणि शेवटच्या शब्दाला लावायचा. त्या रेघा तिला नुसत्या शोभेच्या वाटल्या.

दुसऱ्या दिवशी गावातल्या गेणभाऊंच्या उसाच्या कडेच्या कॅमेऱ्यात एक बिबट्या दिसला. डावा कान फाटलेला. तिने त्याला लगेच ओळखलं. मॅडमच्या जुन्या फोटोंत तो पिल्लू असल्यापासून होता. आता दोन वर्षांचा झाला होता. रेंज कमी असल्यामुळे फोटो काही जाईना. मग तिने नियम आठवून लिहिलं, 'टू इयर ओल्ड लेपर्ड्स इन गेणभाऊ शुगरकेन.' पहिल्यांदाच कुणाला न विचारता लिहिलं, म्हणून तिला बरं वाटलं.

दुपारी गावात वनखात्याची भोंग्याची गाडी फिरली. "गेणभाऊंच्या उसात बिबट्याची वर्षाची दोन पिल्लं आहेत. मादी जवळच असणार. उसात कुणीही जाऊ नका!"

ऊसतोड थांबली. फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या घालून राहिलेली तोडकऱ्यांची कुटुंबं पोरांना घेऊन शाळेत आली. हर्षालीने अंगणवाडीतून मुलीला पळतच आणलं.

तिचे सासरे संपत ओट्यावर उभे होते. "सकाळी तू एकलीच गेली व्हतीस ना तिकडं?"

"व्हय मामा. पण मला तर एकच दिसला. ही पिल्लं कवा आली?"

तिने मुलीला आत नेलं आणि दाराला कडी लावली. मादी तेव्हा बाजूच्या सरीतच बसली असेल तर?

संध्याकाळी मॅडमची जीप दारात आली. त्यांनी घाईने इंग्रजीत विचारलं, दोन्ही पिल्लं नेमकी कुठे दिसली?

"ओन्ली वन, मॅडम."

"तू टू लिहिलंस. तेच मी वनखात्याला कळवलं."

"यस, टू. टू इयर."

"इयर-ओल्ड. टू."

"यस, मॅडम."

हर्षालीने फोटो दाखवला. फाटका कान बघून मॅडमनी कपाळाला हात लावला. जीपच्या धुळकट बॉनेटवर त्यांनी बोटाने हर्षालीचं वाक्य दोनदा लिहिलं. एकदा 'टू' मोकळा सोडला आणि बाकीचे दोन शब्द रेघेने जोडले. "एकेक वर्षाचे दोन." मग तिन्ही शब्द जोडले आणि लेपर्डचा एस पुसला. "दोन वर्षांचा एक."

हर्षालीला आता कळलं. ती पिल्लं आणि ती मादी उसात नव्हतीच. ती तिनेच तिथे घातली होती.

मॅडमना घेऊन ती गेणभाऊंकडे गेली. "गेणभाऊ, माझ्या लिहिण्यात चूक झाली. एकच हाय, कानफाटा."

"मग गाडीवाला दोन कसं म्हनला?"

"मधली रेघ न्हाई काढली मी."

"रेघ?" गेणभाऊ मॅडमकडे आणि परत तिच्याकडे बघू लागले. "रेघंनं बिबट्या कमी व्हतो व्हय?"

तिने पुन्हा समजावून सांगितलं. दुमजली घराचं उदाहरणही दिलं, पण मधेच तिचं तिलाच कळेना. तेवढ्यात एक तोडकरीण म्हणाली, "मी स्वतः बघितली ना दोन पिल्लं, पाटाकडं." आता तिला खोटं कसं पाडायचं?

गाडी पुन्हा फिरली, एकच बिबट्या असल्याचं सांगून गेली. लोक म्हणाले, दुसरा लपवत्यात. पुढच्या काही दिवसांत एकाही कॅमेऱ्यात पिल्लू आलं नाही, तेव्हा तोडणी सुरू झाली. तीही घोळक्याने, डबे बडवत.

हर्षाली पुन्हा फोटो आणायला जाऊ लागली. एकच आहे, हे तिच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक होतं? तरी पाटाजवळ पाचट खसखसलं की ती थबकायची आणि दोन्ही बाजूंना बघून घ्यायची.