तुराट्यांची राख

“जुनीच कांडी टाक,” तिचे मार्गदर्शक मल्लिनाथ सर दबक्या आवाजात म्हणाले. “परीक्षक चहा संपवून येतीलच आता.”

भुवनेश्वरीनं दाराकडं पाहिलं. धाराशिवच्या कॉलेजातल्या या प्रयोगशाळेत आज तिच्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती आणि परीक्षकांसमोर प्रयोगही करून दाखवायचा होता. औषधांना लागणारी नायट्रोजनची संयुगं महागड्या धातूशिवाय, नुसत्या तुराट्यांच्या राखेनं पाण्यात बनवली, म्हणून केवढं कौतुक झालं होतं तिचं! तेर गावच्या शेतातल्या तुरीच्या या वाळक्या काड्या तिनं स्वतः जाळल्या होत्या. आता पदवी मिळाली की तासिकांवरची नोकरी कायम होणार होती.

आणि काल सगळ्यावर पाणी पडलं! मिश्रण ढवळायला काचेच्या पात्रात चुंबकाची छोटी कांडी फिरते. तिची नेहमीची कांडी जुनी, काळवंडलेली. काल सहज नवी टाकली, तर राख असूनही काही म्हणता काही झालं नाही. मग जुनी टाकली, राख न घालता. झालं की संयुग तयार! आधीच्या कुणाच्या तरी प्रयोगातलं पॅलेडियम त्या कांडीला चिकटलेलं होतं. सगळी करामत त्या महागड्या धातूची. राख बिचारी उगीच मिरवत होती.

“सर, हे खोटं हाय.”

“अगं, पुढच्या महिन्यात मी रिटायर होतोय. जाताना माझी लाज काढतीस का? आन् तुझ्या नोकरीचं काय? कुणाला कळणार हाय?”

दाराशी पावलं वाजली. नोकरीच्या आशेनं तिचा हात जुन्या कांडीकडं गेला, हे खरंच. पण तिनं दोन पात्रं लावली. एकात राख आणि नवी कांडी, दुसऱ्यात राखेविना जुनी.

परीक्षक घड्याळ बघत बसले. सरांचा रुमाल घामानं भिजला. शेवटी तपासलं, तर राखेच्या पात्रात काहीच बनलं नव्हतं. दुसऱ्यात बनलं होतं. भुवनेश्वरीनं कालची हकीकत एका दमात सांगून टाकली.

“तुम्ही बोलला नसता, तर मला कळलंही नसतं,” परीक्षक म्हणाले.

“मला तर कळलं होतं ना, सर.”

त्यांनी सही न करताच पेनाला टोपण लावलं. “प्रबंध मागं घ्यावा लागेल.”

“व्हय, सर.”

ते गेले आणि तिला रडू फुटलं. मल्लिनाथ सर खिडकीबाहेर बघत उभे होते.

“सर, उद्या येऊ का?”



“ये,” तिच्याकडं न बघता ते म्हणाले. “प्रयोगशाळेची किल्ली तुझ्याकडंच राहू दे.”